ओल्या मातीतली तहानलेली मेथी

घरच्या घरी भाजी लावायची असे ठरवले, की पहिला मान बहुधा मेथीला मिळतो. आमच्याकडेही तसेच झाले. बी आणायला कुठे जावे लागत नाही, फोडणीच्या डब्यातली मेथी चालते. ती रात्रभर भिजत घालायची, सकाळी मातीवर पसरायची आणि वरून बोटाच्या पेराहून कमी जाडीचा मातीचा थर द्यायचा. तीन ते पाच दिवसांत कोंब वर येतात आणि साधारण चार आठवड्यांत भाजी हाताशी येते. नवशिक्याला इतका धीर सहज धरता येतो.

आम्ही सदनिकेच्या गॅलरीत एक जुना प्लॅस्टिकचा टब घेतला. तळाला भोके पाडली. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत असे मिश्रण भरले. मेथी छान उगवली. मग दोन अडचणी आल्या. टबातून निथळणारे पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू लागले, म्हणून आम्ही भोके बुजवली. त्यातच फेब्रुवारी संपत आला आणि नळाचे पाणी एक दिवसाआड येऊ लागले. पालेभाजीतल्या अळ्या-किडे निघावेत म्हणून आमच्या घरी ती मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ते पाणी मोरीत ओतण्याऐवजी आम्ही टबात ओतू लागलो. पाणी वाया जात नाही याचे समाधान वाटले.

आठ-दहा दिवसांत रोपांनी माना टाकल्या. पाने मऊ पडली, कडा करपल्या. "अहो, पाणी कमी पडत असेल, अजून एक तांब्या घाला," असा घरातून सल्ला आला. तांब्याभर पाणी घातले, तेही भाजी बुडवलेलेच. रोपे आणखी कोमेजली. मातीत बोट घालून पाहिले तर माती चांगली ओली होती. ओल्या मातीत उभी असलेली रोपे तहानेने मरत होती. असे का व्हावे?

पाणी कोणाकडून कोणाकडे?

वनस्पतीची प्रत्येक पेशी एका पातळ पटलाने वेढलेली असते. या पटलातून पाणी सहज ये-जा करते, पण पाण्यात विरघळलेल्या बऱ्याच पदार्थांना तितकी मोकळीक नसते. म्हणून त्याला निवडक्षम पारपटल म्हणतात. पटलाच्या एका बाजूला पातळ द्रावण आणि दुसऱ्या बाजूला दाट द्रावण असेल, तर पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. हे परासरण आपण आठवी-नववीत शिकवतो.

मुळांवरच्या केसांसारख्या पेशींत शर्करा, क्षार आणि इतर पदार्थ विरघळलेले असतात. मातीतले पाणी त्या मानाने पातळ असते, त्यामुळे पाणी मुळात शिरते. पानांतून पाण्याची वाफ उडत असल्यामुळे वरूनही ओढ बसते आणि पाणी खोडातून वर चढते. पानांच्या पेशी पाण्याने भरल्या, की हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारख्या ताठ होतात. मेथीच्या कोवळ्या रोपाला लाकडाचा आधार नसतो. ते उभे राहते ते या पाण्याच्या दाबावर.

आता मातीतले पाणीच खारट झाले तर? पेशीतला रस आणि मातीतले पाणी यांच्या दाटपणातला फरक कमी होतो. मुळांना पाणी ओढणे अवघड जाते. मीठ आणखी वाढले तर उलट पेशीतलेच पाणी बाहेर येऊ लागते. पेशीतला रस आकसतो, त्याला रससंकोच म्हणतात. पाणी भोवती असते, पण मुळाला ते घेता येत नाही.

आमच्या टबाचा हिशेब मांडून पाहू. रोज एक लिटर पाणी आणि त्यात सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. दहा दिवसांत ५० ग्रॅम मीठ टबात गेले. घातलेले बरेचसे पाणी वाफ होऊन उडाले, मीठ मात्र उडत नाही. भोके बुजवलेली, त्यामुळे ते खालून निघूनही जाऊ शकले नाही. मातीत त्या वेळी पाच लिटर पाणी होते असे धरले, तर लिटरमागे १० ग्रॅम मीठ झाले. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे आमची मेथी जवळजवळ एकतृतीयांश समुद्रात उभी होती!

दोष मिठाचा की बुजवलेल्या भोकांचा?

इथे एक शंका उरते. आपण दोन चुका एकदम केल्या होत्या. भोके बुजवल्यामुळे माती सतत चिंब राहिली आणि मुळांना हवाही मिळाली नसेल. मुळे श्वसन करतात, त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळीतला ऑक्सिजन लागतो. मग रोपे मेली ती मिठाने की गुदमरून?

याचा निवाडा करायला आम्ही चार सारखे डबे घेतले. चौघांत तीच माती आणि मोजून तेवढेच बी. पहिल्याला भोके आणि साधे पाणी. दुसऱ्याला भोके नाहीत, साधे पाणी. तिसऱ्याला भोके आणि लिटरला ५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी. चौथ्याला भोके नाहीत आणि मिठाचे पाणी. रोपे दोन पानांवर आल्यानंतर हा फरक सुरू केला आणि रोज सगळ्यांना सारखेच पाणी मोजून घातले.

पहिल्या डब्यातली मेथी उत्तम वाढली. दुसऱ्यातली हळूहळू पिवळी पडली आणि तिची वाढ थांबली. तिसऱ्यातली खुरटी राहिली, पानांच्या कडा करपल्या. चौथ्यातली सर्वांत आधी कोलमडली. म्हणजे दोन्ही चुका घातक होत्या आणि एकत्र आल्यावर अधिकच घातक ठरल्या.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. जुने डबे, मूठभर मेथी आणि महिनाभराची चिकाटी एवढेच साहित्य पुरते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे सारखे ठेवायचे, ही प्रयोगाची शिस्त व्याख्येपेक्षा या चार डब्यांतून चांगली कळते. मुलांनी रोज रोपांची उंची आणि पानांचा रंग वहीत लिहावा. प्रत्येक प्रकारचे दोन-तीन डबे ठेवता आले तर निष्कर्ष अधिक भरवशाचा होईल.

तीच गोष्ट कढईत

पहिल्या डब्यातली मेथी आम्ही खुडली आणि स्वयंपाकघरात नेली. तिथेही हेच परासरण आमची वाट पाहत होते.

काकडीची कोशिंबीर वाढायच्या बरीच आधी मीठ घालून ठेवली, की तिला पाणी सुटते. मीठ काकडीच्या चिरलेल्या पृष्ठभागावरच्या ओलाव्यात विरघळते, बाहेर दाट द्रावण तयार होते आणि पेशींतले पाणी तिकडे धावते. कुरकुरीत काकडी लिबलिबीत होते. टबातल्या मेथीचे जे झाले तेच काकडीचे. म्हणून कोशिंबिरीत मीठ आयत्या वेळी घालतात. कारल्याला मात्र मीठ चोळून आपण मुद्दाम पाणी काढतो, कारण त्या पाण्याबरोबर थोडा कडूपणाही जातो. अर्थात त्याच पाण्यात क जीवनसत्त्वासारखे विरघळणारे पोषक पदार्थही जातात, हे लक्षात ठेवून मगच पिळावे.

मेथीच्या थालीपिठाचेही असेच. चिरलेल्या मेथीत मीठ मिसळून दहा मिनिटे ठेवली तर तिलाच पाणी सुटते. त्यात भाजणी मिसळावी आणि लागेल तेवढेच वरून पाणी घालावे. आधीच पाणी ओतले तर पीठ नंतर सैल होते आणि थालीपीठ थापताना फाटते. शिवाय सुटलेले पाणी पिठातच राहत असल्यामुळे त्यातले काही फुकट जात नाही.

आता कढईतली भाजी. जुडी परातीत मावत नाही आणि शिजल्यावर भाजी वाटीभर होते, हा सर्वांचा अनुभव आहे. एवढी भाजी जाते कुठे? पाव किलो निवडलेली मेथी घेऊ. तिच्यात सुमारे ८६ टक्के पाणी असते, म्हणजे २१५ ग्रॅम पाणी आणि उरलेले ३५ ग्रॅम बाकीचे सगळे पदार्थ. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापले, की पेशींची पटले मोडू लागतात. पटल मोडले की पाणी धरून ठेवणारे कोणी उरत नाही. ताठ पाने लोळागोळा होतात, पानांमधली आणि पानांच्या आतली हवा निघून जाते आणि ढीग बसतो. झाकण न ठेवता परतली तर सुटलेल्या पाण्याचा बराच भाग वाफेने उडतो. त्यातले निम्मे पाणी उडाले असे धरले, तर वजन २५० ग्रॅमवरून सुमारे १४२ ग्रॅमवर येते. आकारमान मात्र याहून कितीतरी जास्त घटते, कारण कच्च्या ढिगात हवाच अधिक होती.

"पालेभाजीला मीठ शेवटी आणि बेताने," असे आजी सांगत असे. त्याचे कारण हेच. कच्चा ढीग पाहून मीठ घातले तर भाजी हमखास खारट होते. ढीग लहान होतो, पाणी उडते, पण मीठ सगळे कढईतच राहते. आमच्या टबातही नेमके हेच झाले होते.

जिवंत पान, मेलेले पान

दुपारी बाजारातून आणलेली मलूल जुडी देठांची टोके कापून पाण्यात उभी ठेवली, की तासा-दोन तासांत बऱ्याचदा टवटवीत होते. खुडलेले पान काही काळ जिवंतच असते. त्याची पटले शाबूत असतात, पाणी मिळाले की पेशी पुन्हा फुगतात. शिजलेले पान मात्र कितीही वेळ पाण्यात ठेवा, ताठ होणार नाही. पटल मोडल्यावर परासरण होत नाही.

एका तासिकेत करता येईल असा प्रयोग हवा असेल तर बटाटा घ्यावा. त्याच्या बोटभर लांब, सारख्या जाडीच्या चार कच्च्या पट्ट्या कापाव्यात. दोन साध्या पाण्यात आणि दोन १०० मिलिलिटर पाण्यात चमचाभर मीठ घालून त्यात ठेवाव्यात. अर्ध्या-पाऊण तासाने वाकवून पाहाव्यात. साध्या पाण्यातल्या पट्ट्या ताठ, मिठाच्या पाण्यातल्या मऊ लागतील. आता मऊ पडलेली एक पट्टी साध्या पाण्यात टाकून दुसऱ्या दिवशी पाहा. ती पुन्हा ताठ झाली का? नसेल झाली तर का? हा प्रश्न विद्यार्थ्यांवरच सोपवावा. सोबत उकडलेल्या बटाट्याची एक पट्टी साध्या पाण्यात ठेवायला विसरू नये.

टबापासून शेतापर्यंत

टबात जे घडले ते शेतातही घडते. सांगली-कोल्हापूर भागात नदीकाठच्या काळ्या जमिनींना उसासाठी वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले गेले. निचरा अपुरा होता. भूजलाची पातळी वर आली, पाणी पृष्ठभागावरून उडत राहिले आणि त्यातले क्षार मातीत साठले. कितीतरी शेते अशी क्षारपड आणि पाणथळ झाली. भोके बुजवलेला आमचा टब म्हणजे अशा शेताची छोटी प्रतिकृतीच. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून क्षारांसह जादा पाणी बाहेर काढणे, हा तिथे केला जाणारा उपाय म्हणजे टबाची भोके उघडणेच होय.

कोकणात खाडीकाठच्या खार जमिनीत बांध घालून भरतीचे पाणी अडवतात आणि पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन निघाले की भात लावतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती तयार केल्या आहेत. मुंबईत मिळणाऱ्या समुद्रमेथीचे नाव ऐकून विद्यार्थी विचारतील, की मग ती कशी वाढते? ती समुद्रकाठच्या वाळूत वाढते, समुद्राच्या पाण्यावर नव्हे. वाळूतून पाण्याचा निचरा चटकन होतो आणि गोड्या पाण्याबरोबर क्षार खाली निघून जातात.

आम्ही टबाची भोके पुन्हा उघडली, खाली एक पसरट थाळी ठेवली आणि काकूंचे कपडे वाचवले. पाणी आले त्या दिवशी टबातून दोन-तीनदा साधे पाणी भरपूर निथळू दिले आणि थाळीत साठलेले खारट पाणी टाकून दिले. थोडे थोडे पाणी शिंपून मीठ जात नाही, ते वाहून जावे लागते. मग नवे बी पेरले.

पाणी वाचवणे आम्ही सोडलेले नाही. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आणि मीठ न घालता भाजी धुतलेले पाणी आता टबात जाते. मिठाच्या पाण्यातून काढलेली भाजी दुसऱ्यांदा धुतलेले पाणीही त्यात मीठ फारसे नसल्याने चालते. मिठाचे पहिले पाणी आणि कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी मात्र संडासात ओततो. त्या पावडरीत सोड्यासारखे क्षार असतात. परसातला अळू न्हाणीच्या पाण्यावर पोसला जातो हे खरे, पण त्याच्याखाली मोकळी जमीन असते आणि दर पावसाळ्यात ती धुऊन निघते. गॅलरीतल्या टबाला ती सोय नाही.

दुसऱ्या पेरणीची मेथी सत्ताविसाव्या दिवशी खुडली. परातभर दिसणाऱ्या त्या मेथीची भाजी चौघांना जेमतेम दोन-दोन चमचे आली. मीठ शेवटी घातले होते.