समुद्रपूर ते समुद्र, व्हाया गिरडची टेकडी

आमच्या तालुक्याचं नाव समुद्रपूर. पण समुद्र? छे! गिरडहून कुठल्याही दिशेला निघा, शेकडो किलोमीटर नुसती कापूस, तूर आणि सोयाबीनची शेतं. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी समुद्र पाहिला तो टीव्हीवरच. त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण येत्या फेब्रुवारीत कोकणचा किनारा सायकलवरून करणार, हे गावात कळलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो मैत्रिणीच्या सासूबाईंकडून.

“काऊन वं, रेल्वे बंद पडली का?”

मैत्रिणींनो, खरं सांगते, या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आजही फारसं नाही. आम्ही दोघी शेहेचाळिशीच्या. ती घरी शिवणकाम करते, शेती बघते. दहावीनंतर तिची शाळा सुटली, कारण पुढची शाळा लांब आणि घरात सायकल एकच. ती भावाला मिळाली. आज राज्यातल्या बऱ्याच तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. घोळक्याने घंटी वाजवत जाणाऱ्या त्या मुली दिसल्या की ही मशीन थांबवून बघत राहते. अशीच एकदा बघता बघता म्हणाली, “आपण काऊन नाही जायचं?” मी म्हटलं, “कुठे?” तर म्हणे, “लांब.”

हे ‘लांब’ शोधता शोधता आम्ही रेवस–रेडी सागरी मार्गावर पोचलो. १९८० साली बॅ. अंतुले मुख्यमंत्री झाले, त्यांच्या काळातली ही कल्पना. रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गाच्या टोकाला रेडीपर्यंत, किनाऱ्याला धरून पाचशे किलोमीटरच्या वर. रेडीला गणपती आहे, १९७६ साली खाणीत सापडलेला. त्याच्या पायाशी सायकल लावायची, एवढं ठरलं. रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे बारा-तेरा दिवस. कापूस वेचून झाला की निघायचं.

समुद्रकाठचा रस्ता म्हणजे सपाट असणार, असं आम्हाला वाटलं होतं. तुम्हालाही वाटत असेल. चूक! कोकणात दर थोड्या अंतरावर खाडी. रस्ता डोंगरावरून खाडीपर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. दिवसभर हेच. काही खाड्यांवर पूल झाले आहेत, पण दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, तवसाळ–जयगड अशा ठिकाणी फेरीबोट आहे. माणसं, मोटारी, सायकली सगळं एकाच बोटीत. बोटीत बसून मिळेल तेवढीच विश्रांती, मग समोर चढ तयार.

मग चढाची सवय कुठे करायची? आमची टेकडी आहेच की! गिरडची बाबा फरीद यांची टेकडी आसपासच्या जिल्ह्यांना ठाऊक आहे. दर्ग्याला सगळ्या धर्मांचे लोक येतात. इथली जायफळासारखी गोल दगडं म्हणजे फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्याचा दगड झालेला माल, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. त्या टेकडीच्या पायथ्याशी पहाटे साडेपाचला आम्ही सायकली घेऊन उभ्या. दर्शनाला येणारे आधी आमच्याकडे बघत आणि मग वर.

आणि इथेच आमचं बिनसलं.

मी पुढे, ती मागे. मी वर जाऊन थांबायचे, ती अर्ध्यात उतरून सायकल ढकलत यायची. दोन आठवडे हेच. एके दिवशी मी वरून ओरडले, “अगं, अशी चाललीस तर रेवसलाच म्हाताऱ्या होऊ आपण!” थट्टाच होती. ती हसली नाही. काही बोललीही नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. शेवटी ब्लाऊजपीसचं निमित्त करून मीच तिच्या घरी गेले.

मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, “घरात सगळ्यांच्या मागं मीच. जेवायले मागं, झोपायले मागं. सायकलवर तरी मागं राहिली म्हणून कोणी बोलू नये, असं वाटे.”

मला काय बोलावं ते सुचेना. ब्लाऊजपीस तसाच हातात. मग मीच म्हटलं, उद्यापासून तू पुढे. तुझ्या चालीनं जाऊ. ती ‘हो’ म्हणाली नाही, पण पहाटे आली.

आणि काय सांगू! मागून चालताना मला जे दिसलं ते दोन आठवड्यांत कळलंच नव्हतं. तिची सीट फार खाली होती. प्रत्येक फेरीला गुडघा पोटाशी येत होता. अशाने चढ कसा चढणार? बायकांच्या सायकलची सीट दुकानदार खालीच ठेवतो, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. आपणही ती कधी वर करत नाही, पडायची भीती. खरी उंची बघायची सोपी रीत अशी: सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या, पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आम्ही पान्ह्याने सीट चांगली दोन-अडीच इंच वर केली. दोन दिवस ती घाबरतच चालवत होती. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या वळणावर उतरली नाही. चौथ्या दिवशी मलाच म्हणाली, “ये ना वं, किती वेळ?”

तेव्हापासून नियम एकच. जी थकलेली, ती पुढे. आणि दोघींपैकी कुणीही ‘बस’ म्हटलं की त्या दिवसापुरतं बस. कारण विचारायचं नाही.

बाकी तयारी म्हणाल तर ती रोजच्या शहाणपणाचीच आहे. एकाच दिवशी साठ किलोमीटर मारून आठवडाभर पाय धरून बसण्यापेक्षा लागोपाठ दोन दिवस तीस-तीस करणं बरं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना होते! ओढणी घेतलीच तर गाठ मारून, मोकळी ओढणी चेनमध्ये गेली की संपलं. सलवारीच्या पायाला रबर. पंक्चर काढायला आम्ही दोघी हिंगणघाटच्या एका दुकानात बसून शिकलो. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधणं, घासणं, सोल्युशन लावून सुकू देणं. मेकॅनिक आधी हसत होता. मैत्रिणीचं काम बघून म्हणाला, “ताई, तुमचं पॅच माझ्यापेक्षा साफ बसलं.” का नाही बसणार, आयुष्य गेलं तिचं ठिगळं लावण्यात. कॅरियरला दोन्ही बाजूंनी लटकवायच्या पिशव्याही तिनेच जुन्या ताडपत्रीच्या शिवल्या. वजन खाली आणि दोन्हीकडे सारखं असलं की सायकल डुलत नाही.

उन्हाची आपल्याला काय भीती, आपण विदर्भातल्या! पण कोकणातला घाम वेगळा, दमट हवेत तो लवकर सुकत नाही. त्यामुळे मीठ-साखर-लिंबाचं पाणी तहान लागायच्या आधीच प्यायचं. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तो बहुधा वायव्येकडून. म्हणून उत्तरेकडून दक्षिणेला जायचं. वारा निदान तोंडावर तरी येत नाही. वर्ध्याहून रेल्वेने मुंबई, सायकली वेगळ्या बुक करून लगेजच्या डब्यात. तिथून भाऊच्या धक्क्यावर. २०२० पासून तिथून मांडव्याला रो-रो बोट जाते, ती सायकली घेते. मांडव्याहून रेवस जवळच.

पाळीचा प्रश्न येणारच. तारखा बघून निघायचं ठरवलं होतं, पण या वयात तारखांचा काय भरवसा? तेव्हा पॅड, जास्तीची चड्डी आणि एक दिवस मुक्कामाचा हातचा ठेवला. एवढं बोलायलाही आम्हाला महिना लागला, हे कबूल करते.

पैशाचं म्हणाल तर मैत्रिणीने बचत गटातून कर्ज घ्यायला साफ नकार दिला. “हौसेसाठी कर्ज नाही.” दर शुक्रवारी डब्यात टाकते, तेवढ्यात बसेल तेवढाच प्रवास.

गावात लोक बोलतात. बोलू देत. मी सासूबाईंना पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली. २०१८ साली, विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटर, चौदा देश, बराचसा प्रवास एकटीने. काकू म्हणाल्या, “तिच्या घरी कापूस वेचाले कोण होतं?” प्रश्न बिनतोड. मग तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टईची गोष्ट सांगितली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शीला राणी चुंकत तिथे जिल्हाधिकारी होत्या. साक्षरतेच्या मोहिमेत खेड्यापाड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या. खाणीत दगड फोडणाऱ्यासुद्धा. काहींनी मुद्दाम पुरुषांची सायकल घेतली, दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून. हे मात्र काकूंना पटलं. “हां, ह्या कामाच्या बाया,” म्हणाल्या.

आता पुढच्या शनिवारी रंगीत तालीम. सगळं सामान लादून गिरडहून सेवाग्राम, रात्रीचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. घरची व्यवस्था लागली आहे. मैत्रिणीच्या यजमानांना वरण-भात येतो, पोळीचं शिक्षण चालू आहे. नकाशे अजून आकाराला यायचेत!

परवा गेले तर काकू ओसरीवर शेंगदाणे भाजत होत्या. गूळ काढून ठेवलेला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “लाडू देऊन राहिली. वाटेत उपाशी मरान तुम्ही.” आणि मी निघता निघता हळूच, “येताना समुद्राचं पाणी आणजो बाटलीत. खारट रायते म्हणतात, खरंच का पाहू.”

पिशवीत आता एका रिकाम्या बाटलीची जागा करायची आहे.