पन्नास मीटर कुठून?

बाराला दहा मिनिटं कमी आहेत आणि खाडीचं पाणी पार तळाला गेलंय. पेण तालुक्यातल्या एका गावाबाहेर, खारभूमीच्या मोडक्या बांधावर आम्ही चौदा-पंधराजण एकामागे एक उभे आहोत, कारण दोघांनी शेजारी उभं राहावं एवढी त्याची रुंदी उरलेली नाही. हरित लवादाच्या पुणे खंडपीठाच्या आदेशावरून ही संयुक्त पाहणी चालली आहे. पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी, कांदळवन कक्षाचे वनपाल, तहसीलचे मंडळ अधिकारी, भूमी अभिलेखचा भूकरमापक. मागे दोन्ही बाजूंचे वकील. मी ग्रामपंचायतीचा. काळा कोट गाडीतच ठेवलाय आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीय.

डावीकडे लाल मुरमाचा भराव आहे. तिथे गोदाम व्हायचंय. उजवीकडे, बांधाला खांड पडली तिथून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर पोसलेली तिवरं. दोन्हींच्या मध्ये नुसता चिखल, त्यावर निवट्या उड्या मारतायत. मंडळ अधिकारी सातबाऱ्याची चळत उलगडतात. जुन्या उताऱ्यांवर पिकाच्या रकान्यात भात आहे, अलीकडच्यांवर पड. तिवरांचा उल्लेख एकाही वर्षी नाही.

"वकीलसाहेब, आज अष्टमी आहे," सरपंचताई माझ्या कानाशी येऊन म्हणतात. "भांगाचं पाणी. अमावास्येला आले असते तर ह्यांना उधाण दाखवलं असतं. भरावाला लागतं पाणी."

खाडीकाठी तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाला आणि ओहोटी बाराला. समितीने ओहोटीची वेळ निवडली ती पायी फिरता यावं म्हणून, त्यात डाव नाही. पण भांगाची भरती मुळात पुढे येत नाही आणि सकाळची ओली खूण तिवरांच्या अलीकडेच थांबलेली दिसते. समोरचे वकील त्या खुणेचा फोटो काढून घेतात. मी पुढे होऊन सांगतो की 2019 ची किनारा नियमन अधिसूचना भरतीरेषा धरते ती उधाणाची, आजच्या ओलीची नव्हे, एवढं नोंदवा.

"रेषा आम्ही ठरवत नाही. ती नकाशावर आहे," प्रदूषण मंडळाचे अधिकारी म्हणतात आणि बांधावरच नकाशा पसरतात. चारी कोपऱ्यांना चार माणसांच्या चपला. प्रमाण एकास पंचवीस हजार, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पंचवीस मीटर. रेघ जरा जाड छापली गेली की गोदामाची भिंत इकडची तिकडे होते. दोन्ही वकील नकाशावर ओणवे होतात. मला रेषा भरावाला चिकटलेली दिसते, त्यांना ती लांब दिसते. दोघांचेही चष्मे शाबूत आहेत.

नकाशाने भागत नाही म्हटल्यावर सगळे तिवरांकडे वळतात. वनपाल आधीच चिखलात उतरलेत. तिवर, दोन-चार चिप्पीची झाडं, कडेला काटेरी पानांची मारांडी, अशी नोंद करत ते प्रत्येक टोकाचे अक्षांश-रेखांश टिपतात. मुंबई उच्च न्यायालयाने आधी 2005 च्या अंतरिम आदेशात आणि मग 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात कांदळवनाभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलाय, जमीन कुणाच्याही मालकीची असो. त्यावर आज वाद नाही. वाद आहे टेपचं टोक कुठे धरायचं यावर.

"बुंध्यापासून," समोरचे वकील म्हणतात.

"मुळांच्या कडेपासून," मी म्हणतो. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात, झाडापासून कितीतरी पुढपर्यंत. झाड श्वास घेतं तिथवर झाडच.

ते हसतात. "मागच्या वर्षी दुसऱ्या खाडीवर तुम्हीच बुंधा म्हणत होतात."

"तेव्हा अशील वेगळा होता."

या कामात हे चालायचंच. माझ्या कपाटात नगरपरिषदेच्या कचरा डेपोची फाइल, एका बिल्डरच्या पर्यावरण मंजुरीची फाइल आणि कुणा शेतकऱ्याचं बिनशेतीचं प्रकरण एकमेकांना खेटून असतात. आपला मुद्दा कायद्यात बसतो का, एवढं प्रामाणिकपणे तपासायचं. बुंधा की मूळ, हे त्या निकालात कुणी उलगडून सांगितलेलं मला तरी सापडलेलं नाही, आणि जिथे सांगितलेलं नसतं तिथेच आमचं पोट भरतं.

भूकरमापक शहाणा आहे. तो दोन्ही अंतरं मोजतो. बुंध्यापासून भरावाच्या कडेपर्यंत त्रेपन्न, मुळांपासून सेहेचाळीस. दोन्ही आकडे पंचनाम्यात जातात. लवाद काय घ्यायचं ते घेईल.

सही करायची वेळ येते तेव्हा जमिनीचे मालक, सत्तरीचे काका, पेन हातात घेत नाहीत. गोदामवाल्याशी करार त्यांचा आणि सरपंचताईंची त्यांची भाऊबंदकी.

"हितं आमचा बा राता भात लावायचा," ते मंडळ अधिकाऱ्यांना सांगतात. "खांड गेली, दर्या आत आला. अर्ज करून करून दमलो, बांध बांधाया कोनी आला नाय. तिवरा काय आम्ही लावली नाय. ह्ये लिवा, मंग सही करतो."

"काका, आदेशात एवढंच आहे, अंतर आणि झाडं," मंडळ अधिकारी समजावतात. "बांधाचा विषय नाही."

"मग माझी सही पन नाय."

समोरचे वकील पुढे होतात. "लिहा ना साहेब. बांध फुटला म्हणून पाणी आलं. जमीन मुळात शेतीची, हे त्यातून दिसतं."

मीही म्हणतो, लिहा. बांध फुटल्यापासून भरतीचं पाणी इथवर येतं-जातं, हे जमिनीच्या मालकाच्याच तोंडून नोंदवलं जातंय, मला याहून काय हवं?

मंडळ अधिकारी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहतात. "तुम्ही दोघंही म्हणताय?"

"दोघंही."

ते कागद गुडघ्यावर ठेवतात आणि काकांना विचारतात, "खांड कुठल्या साली गेली?"