पाच वीरांची मोट : ‘डोटा २’मधील संघरचनेचे शास्त्र

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे १७ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘डोटा २’ या संगणकीय खेळाच्या ‘द इंटरनॅशनल’ या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. चीनचा पीएसजी.एलजीडी हा संघ विजेतेपदाचा प्रबळ दावेदार मानला जात होता. त्याच्यासमोर रशिया आणि युक्रेनमधील तरुणांचा टीम स्पिरिट हा संघ होता. पहिले दोन डाव टीम स्पिरिटने जिंकले, तर पुढील दोन डाव जिंकून चिनी संघाने बरोबरी साधली. निर्णायक पाचव्या डावासाठी नायकांची निवड सुरू झाली, तेव्हा चिनी संघाने ‘मॅग्नस’ हा नायक बाद केला नाही. टीम स्पिरिटने तो निवडला, डाव जिंकला आणि सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलरचे पारितोषिक पटकावले. शेकडो निर्णयांनी घडलेल्या त्या डावातील या एका निर्णयाची चर्चा आजही होते. लढाईला तोंड फुटण्यापूर्वीच लढाईचा कल ठरवणारे हे संघरचनेचे शास्त्र नेमके काय आहे?

खेळाची मांडणी

‘डोटा’चा जन्म २००३ मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळात हौशी मंडळींनी केलेल्या फेरबदलातून झाला. त्याची स्वतंत्र आवृत्ती असलेला ‘डोटा २’ हा खेळ अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने २०१३ मध्ये अधिकृतपणे सर्वांसाठी खुला केला. प्रत्येकी पाच खेळाडूंचे दोन संघ एका चौकोनी नकाशाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभे राहतात. दोन्ही तळांना जोडणाऱ्या तीन मार्गिका असतात आणि प्रत्येक मार्गिकेवर पहारा देणारे मनोरे असतात. प्रतिस्पर्ध्याच्या तळातील ‘एन्शंट’ ही मुख्य वास्तू जो संघ आधी पाडेल तो विजयी ठरतो. प्रतिस्पर्ध्यांना किती वेळा मारले, यावर निकाल ठरत नाही, ही बाब नवख्या प्रेक्षकाने प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

प्रत्येक खेळाडू डावापुरता एकच नायक हाताळतो. अशा नायकांची संख्या आज १२० हून अधिक आहे आणि प्रत्येकाची अस्त्रे, बळ आणि उणिवा वेगवेगळ्या आहेत. एकदा निवडलेला नायक डाव संपेपर्यंत बदलता येत नाही. त्यामुळे पाच नायकांची मोट बांधताना झालेली चूक पुढील अर्धा-पाऊण तास पाठ सोडत नाही.

पाच स्थाने, पाच कामे

कबड्डीच्या संघात सातही जण चढाईबहाद्दर असून चालत नाही. कोपरारक्षक आणि मध्यरक्षक लागतातच. ‘डोटा २’मध्येही कामांची अशीच वाटणी असते आणि तिच्या मुळाशी अर्थकारण आहे. नकाशावर मिळणारे सोने मर्यादित असते. ते पाच जणांत समान वाटले, तर कोणीच पुरेसा बलवान होत नाही. म्हणून संघातील स्थानांना एक ते पाच असे क्रमांक दिले जातात. पहिल्या क्रमांकाला सोन्यावर सर्वाधिक हक्क, पाचव्याला सर्वांत कमी.

पहिला क्रमांक ‘कॅरी’चा. हा आरंभी दुबळा असतो, परंतु सोने साठवून शस्त्रे घेतल्यानंतर डावाच्या उत्तरार्धात संघाचा भार वाहतो. दुसरा मधल्या मार्गिकेवर एकटा झुंजतो आणि लवकर बलवान होऊन इतर मार्गिकांवर मदतीला धावतो. तिसरा ‘ऑफलेन’चा खेळाडू. प्रतिस्पर्धी कॅरीला सुखाने सोने मिळू न देणे आणि मोठ्या चकमकीत पुढे होऊन वार झेलणे हे त्याचे काम. चौथा आणि पाचवा हे दोघे ‘सपोर्ट’. टेहळणीचे वॉर्ड लावणे, सहकाऱ्यांना वाचवणे आणि प्रसंगी त्यांच्यासाठी आपला बळी देणे त्यांच्या वाट्याला येते. पाचव्या क्रमांकाचा खेळाडू अनेकदा सर्वांत गरीब राहून डाव संपवतो. पारितोषिक मात्र पाचही जणांनी मिळून जिंकलेले असते.

समतोल कसा पाहावा?

ही पाच स्थाने भरली म्हणजे संघ उभा राहिला, असे नाही. जाणकार कर्णधार निवडीच्या वेळी काही प्रश्न मनाशी धरून ठेवतो. पहिला प्रश्न आरंभीच्या दहा मिनिटांचा असतो. तिन्ही मार्गिकांवर आपले खेळाडू तग धरतील का? दुसरा प्रश्न काळाचा. प्रत्येक संघाची ताकद एका विशिष्ट वेळी कळसाला पोहोचते. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला बलवान असलेल्या संघाने त्याच सुमारास मनोरे पाडायला हवेत. तो थांबला, तर चाळिसाव्या मिनिटाला बलवान होणारा प्रतिस्पर्धी त्याला गाठतो.

तिसरा प्रश्न आघाताच्या प्रकाराचा. शारीरिक आणि जादूई असे आघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. पाचही नायक जादूई आघातावरच विसंबून असतील, तर काही क्षणांचे जादूपासूनचे संरक्षण विकत घेऊन प्रतिस्पर्धी त्यांना निष्प्रभ करू शकतो. चौथा प्रश्न चकमकीचा. तिला सुरुवात कोण करणार, शत्रूला जागच्या जागी कोण खिळवणार आणि संकटातील सहकाऱ्याला कोण सोडवणार? मॅग्नसचे मोल येथेच कळते. त्याचे अंतिम अस्त्र भोवतालच्या सर्व शत्रूंना आपल्याकडे खेचून सुन्न करते, तर दुसरे अस्त्र शत्रूला शिंगांवर घेऊन दूरवर फरफटत नेते. बुखारेस्टमध्ये टीम स्पिरिटचा ‘कोलॅप्स’ या नावाने खेळणारा ऑफलेनचा खेळाडू या नायकावरील प्रभुत्वासाठी ओळखला जात होता. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. एवढे सारे करून मुख्य वास्तू पाडणार कशी?

एकमेकांना पूरक असलेली अस्त्रे कशी फळतात, याचे एक उदाहरण २०१५ मध्ये सिएटल येथील अंतिम फेरीत दिसले. अमेरिकेच्या इव्हिल जीनियसेस संघाचे कर्णधार पीटर डॅगर यांनी ‘एन्शंट ॲपरिशन’ या नायकाचे हिमास्त्र दूरवरून सोडले. या अस्त्राने बाधित झालेल्यांचे प्राण औषधाने वा जादूने भरून येत नाहीत. चीनच्या सीडीईसी संघाचे खेळाडू त्या वेळी रोशन या राक्षसाच्या अरुंद गुहेत एकत्र जमले होते. त्याच क्षणी साहिल अरोरा यांच्या ‘अर्थशेकर’ने गुहेत उडी घेऊन जमिनीवर प्रहार केला. शत्रू जितके अधिक आणि जितके जवळ, तितका हा प्रहार तीव्र होतो. एकट्या हिमास्त्राने वा एकट्या प्रहाराने जे साधले नसते, ते दोहोंनी मिळून साधले. इव्हिल जीनियसेसने सामना ३-१ असा जिंकला.

याउलट २०१३ मध्ये स्वीडनच्या अलायन्स संघाने समोरासमोरची लढाई टाळूनही विजय मिळवता येतो, हे दाखवून दिले. नकाशावर कोठेही क्षणात पोहोचणारा ‘नेचर्स प्रॉफेट’ युक्रेनच्या नाव्ही संघाच्या तळावर हल्ला करत होता. तळ वाचवण्यासाठी नाव्हीचे खेळाडू परतू लागले, तेव्हा ‘पक’ या नायकाने त्यांना जखडून त्यांचे परतणे रोखले. अलायन्सने पाचवा डाव आणि विजेतेपद मिळवले.

निवड आणि बाद

व्यावसायिक स्पर्धांमध्ये दोन्ही कर्णधार ठरलेल्या क्रमाने आलटून पालटून नायक निवडतात आणि बाद करतात. निवडलेला वा बाद केलेला नायक त्या डावात पुन्हा कोणालाही घेता येत नाही. दोन्ही संघ मिळून दहा नायक निवडतात आणि डझनाहून अधिक बाद करतात. प्रत्येक निर्णयाला मोजकेच सेकंद मिळतात.

या क्रमात बुद्धिबळाप्रमाणे लपवाछपवीला वाव असतो. आधी निवडणाऱ्याला सर्वांत प्रभावी नायक हाती लागतो, परंतु त्याचा बेत उघड होतो. शेवटी निवडणाऱ्याला उरलेल्यांतूनच घ्यावे लागते, मात्र त्याच्या निवडीवर उतारा शोधायला समोरच्याला संधी उरत नाही. म्हणून जे नायक दोन-तीन स्थानांवर खेळू शकतात, ते आधी घेण्याची रीत आहे. नायक दिसतो, पण तो कोण खेळणार हे प्रतिस्पर्ध्याला शेवटपर्यंत कळत नाही. बाद करण्यातही असाच पेच असतो. एकाला रोखावे, तर दुसरा मोकळा सुटतो.

शांघायचा धडा

रूढ समजुतींना सर्वांत मोठा धक्का २०१९ मध्ये शांघाय येथे युरोपच्या ओजी संघाने दिला. ‘आयओ’ हा प्रकाशाच्या गोळ्यासारखा नायक वर्षानुवर्षे सपोर्ट म्हणूनच खेळला जात असे. तो सहकाऱ्याशी स्वतःला एका धाग्याने बांधून घेतो, त्याचे प्राण भरतो आणि त्याच्यासह नकाशावर कोठेही पोहोचतो. ओजीच्या ‘ॲना’ या नावाने खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियन खेळाडूने तोच नायक कॅरी म्हणून उतरवला. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांपुढे प्रश्न उभा राहिला : हा नायक दिसला, तर तो मदतनीस समजावा की मुख्य योद्धा? ओजीने अंतिम सामन्यात टीम लिक्विडचा ३-१ असा पराभव केला आणि ही स्पर्धा दोनदा जिंकणारा पहिला संघ होण्याचा मान मिळवला.

यंत्राचे अनुमान

संघरचनेचे वजन किती, याचे एक मोजमाप २०१८ मध्ये मिळाले. ओपनएआय या संस्थेच्या संगणकीय संघाने ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे अनुभवी खेळाडूंच्या संघाविरुद्ध पहिले दोन डाव जिंकले. तिसऱ्या डावात यंत्राचे पाच नायक प्रेक्षकांनी निवडले आणि ते मुद्दाम विसंगत निवडले. लढाई सुरू होण्यापूर्वीच यंत्राने स्वतःच्या विजयाची शक्यता २.९ टक्के वर्तवली. तो डाव यंत्र हरले. पुढे एप्रिल २०१९ मध्ये याच यंत्राने मर्यादित नायकांच्या खेळात ओजी संघाला २-० असे हरवले. हातातील कौशल्य कितीही असले, तरी मोट चुकीची बांधली गेल्यास ते अपुरे पडते, हेच तिसऱ्या डावाने अधोरेखित केले.

भारतातील चित्र

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळी येथे ‘ईएसएल वन’ ही ‘डोटा २’ची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथील पहिल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या ‘डोटा २’ संघाने कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. २०२५ च्या ऑनलाइन खेळविषयक कायद्यानेही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपासून ई-स्पोर्ट्स वेगळे मानले आहेत.

घरी बसून खेळणाऱ्या तरुणासाठी मात्र संघरचनेचा प्रश्न अधिक साधा आणि अधिक अवघड असतो. अनोळखी पाच जण एकत्र येतात आणि बहुतेकांना कॅरीच व्हायचे असते. परिणामी वॉर्ड कोणी लावत नाही, पुढे कोणी होत नाही आणि पराभवाचे खापर एकमेकांवर फोडले जाते. अशा वेळी संघात काय कमी आहे ते पाहून आपला नायक शेवटी निवडणारा, आवडीचे स्थान सोडून पाचव्या क्रमांकावर जाणारा खेळाडू संघाला बरेच काही देऊन जातो. डावाच्या अखेरीस त्याच्या नावापुढे सोने कमी दिसेल, पण पाचांचा संघ उभा राहिलेला असेल तो त्याच्यामुळेच.