खांदेरीचे दोन जन्म आणि सरखेल कान्होजी

भारतीय नौदलात जहाज निवृत्त होते. त्याचे नाव मात्र पुढच्या जहाजाकडे जाते. 6 डिसेंबर 1968 रोजी दाखल झालेली पहिली ‘आयएनएस खांदेरी’ ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी. लांबी सुमारे 91 मीटर, टॉर्पेडोच्या नळ्या दहा. पाण्याखाली बॅटऱ्यांवर धावायचे आणि त्या पुन्हा भरायला वर येऊन डिझेल इंजिने चालवायची, असा तिचा दिनक्रम. आपल्या पाणबुडी दलाची पहिली पिढी अशाच नौकांवर घडली. 1989 साली ती निवृत्त झाली. पुढे तीस वर्षांनी, 28 सप्टेंबर 2019 रोजी, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये फ्रेंच आराखड्यावर बांधलेली नवी ‘खांदेरी’ सेवेत आली.

हे नाव अलिबागजवळच्या थळ गावासमोरच्या बेटाचे. 1679 साली शिवाजी महाराजांनी तिथे तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा जीव खालीवर झाला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने इंग्रजांच्या जहाजांना तोंड दिले आणि ‘डव्ह’ हे जहाज पकडले. किल्ला उभा राहिला.

या किल्ल्याचे खरे चीज केले ते कान्होजी आंग्र्यांनी. 1713-14 च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांकडे आले आणि सरखेली, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, त्यांच्याकडे राहिली. त्यांची लढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना, म्हणजे तोफांच्या मोठ्या जहाजांना, दोर बांधून ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत. इंग्रजी जहाजांच्या मुख्य तोफा दोन्ही कडांना. मागून आलेल्या माऱ्याला त्यांच्याकडे उत्तर नसे. 1718 साली मुंबईचा गव्हर्नर बून खांदेरीवर चालून आला आणि हात हलवत परतला. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, तेही हरले.

तरीही इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले. कारण काय, तर त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, न घेतलेली जहाजे ते अडवत. पोर्तुगीजांनीही शतकभर हेच केले होते. त्याला मात्र राज्याचा हक्क म्हटले गेले. आपल्या किनाऱ्यावर आपला दस्तक चालवणारा माणूस चाचा नव्हे, तो राज्यकर्त्यांचा दर्यासारंग.

कान्होजी 4 जुलै 1729 रोजी वारले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. स्वतंत्र भारताने 1951 साली मुंबईतल्या नौदल तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले, 1998 साली खांदेरी बेटालाही त्यांचे नाव मिळाले. 2022 साली नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

बेंगळुरूच्या मराठी वाचकालाही हा विषय परका नाही. ही शहाजीराजांच्या जहागिरीची भूमी. इथे समुद्र नसला तरी नौदलाची रडार आणि सोनार यंत्रे इथल्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनतात. आरमार केवळ किनाऱ्यावर उभे राहत नाही. त्यामागे सारा देश लागतो.

म्हणून एक मागणी मांडतो. सरखेलांचे नाव आज किनाऱ्यावरच्या तळाला आहे. ज्या माणसाने उभे आयुष्य समुद्र राखला, त्याचे नाव आता एखाद्या मोठ्या लढाऊ जहाजावर समुद्रात उतरावे. नौदलाने हा विचार करावा आणि मराठी माणसाने त्यासाठी आग्रह धरावा.