पडद्यावरची माणसं, मनातले मजले – लेखांक ९ : गुरुजींना फासावर कोणी चढवलं?

आज ‘सायको’तल्या नॉर्मन बेट्सकडे जायचं ठरलं होतं. त्याला आठवडाभर थांबवतो, कारण सांगलीच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलंय. ते विचारतात, ‘इड म्हणजे बेलगाम इच्छा, तर मग ‘पिंजरा’तल्या गुरुजींचा घात इडनेच केला ना?’

सर, १९७२ पासून सगळा महाराष्ट्र हेच म्हणत आलाय. मीही म्हणायचो. पण शांतारामबापूंचा हा सिनेमा जितक्यांदा पाहिला, तितका संशय दुसरीकडेच वळत गेला.

आधी तमाशाला गावाबाहेर काढणारे गुरुजी आठवा. तमाशा न आवडणारा माणूस फार तर घरी बसेल. यांचा आवेश मात्र गरजेपेक्षा चार आणे जास्तच आहे. फ्रॉइडच्या भाषेत ही प्रतिक्रिया निर्मिती: जे आत ओढतंय, त्याच्यावरच बाहेर लाठी उगारायची. तमाशातल्या चंद्रकलेला हे मानसशास्त्र न शिकता कळतं. मास्तरच्या हातात तुणतुणं देईन, असा पण ती करते.

आणि देतेही. तुणतुण्याला तार एकच, सूरही एकच. ते वाजवणारा मागे उभा राहतो आणि लोक बघतात पुढे नाचणारीकडे. ज्याच्या शब्दावर गाव उठायचं-बसायचं, तो माणूस आता दुसरीच्या गाण्यामागे सूर धरून उभा. गुरुजी साकारणारे डॉ. लागू तिथे चेहऱ्याने जवळजवळ काहीच करत नाहीत. (पेशाने कान-नाक-घशाचे सर्जन; गळा कुठे दाटतो ते त्यांना ठाऊक असणारच!)

इथवर इडचं काम, मान्य. पण गोष्ट इथे संपत नाही. भलत्याच माणसाचं प्रेत गाव गुरुजींचं समजतं आणि त्यांचा पुतळा उभारतं. पुढे गुरुजींच्याच खुनाचा आळ खुद्द गुरुजींवर येतो. ‘तो मीच’ एवढं म्हटलं की सुटका आहे. ते म्हणत नाहीत. कारण तसं म्हटलं तर पुतळा कोसळेल.

फ्रॉइडने १९१६ मध्ये अशा माणसांबद्दल लिहिलंय, ज्यांच्या मनात अपराधाची भावना आधीच असते. गुन्हा मागून येतो आणि त्या भावनेला टेकायला जागा मिळते. गुरुजींना तर गुन्हा आयताच मिळतो. शिक्षा हवीच होती, न्यायालयाने फक्त सही केली. ही भूक सुपरइगोची, म्हणजे मनातल्या कठोर न्यायाधीशाची.

‘पिंजरा’चं मूळ असलेल्या ‘द ब्लू एंजल’शी (१९३०) ताडून बघा. तिथला प्रोफेसर राथ विदूषक होतो, कोंबड्यासारखा आरवतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात येऊन टेबल घट्ट धरून मरतो. त्याला परतायला वर्ग तरी होता. आपल्या गुरुजींच्या जागेवर त्यांचाच पुतळा बसलाय.

एक कबुली. गुरुजींचं बालपण पटकथेत नाही, त्यांच्या वडिलांचा धाक आपल्याला दिसत नाही. सुपरइगो आला कुठून, हे फ्रॉइडसमोर बसवलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं. मी त्यांच्यासाठी बालपण रचणार नाही.

तेव्हा सर, इडने गुरुजींना तमाशाच्या बोर्डावर नेलं. फासापर्यंत नेलं त्या पुतळ्याने. नॉर्मन पुढच्या आठवड्यात, नक्की. ‘ब्लू एंजल’ पाहिला नसेल त्यांना शेवट सांगून टाकला, त्याबद्दल माफी.