दोन विरुद्ध एक

स्त्रियांच्या आंतरविद्यापीठ बास्केटबॉलची सनावळी लिहावयास बसलेल्या कोणासही आरंभ 4 एप्रिल 1896 या तारखेपासून करावा लागतो. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को शहरातील आर्मरी हॉलमध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या विद्यार्थिनी प्रत्येकी नऊ जणींचा संघ घेऊन समोरासमोर उभ्या राहिल्या. सुमारे 700 प्रेक्षक जमले आणि त्या सर्व स्त्रियाच होत्या, कारण पुरुषांस आत येण्यास सक्त मज्जाव होता. खेळ चालू असता टोपली वाकली. ती सरळ करण्यासाठी मात्र दोन पुरुष कामगारांनाच पाचारण करावे लागले, आणि ते आत येताच सभागृहात एकच कल्लोळ उडाला. मज्जावाचा हुकूम काढणाऱ्यांनी शिडी आणि हातोडा यांचा विचार केला नसावा. स्टॅनफर्डने सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला.

हा विजय पुढील विजयमालिकेची नांदी ठरावा, असे वाटणे साहजिक होते. परंतु 1899 मध्ये त्याच विद्यापीठाच्या क्रीडासमितीने विद्यार्थिनींच्या प्रकृतीचे आणि सामन्यांमुळे होणाऱ्या गवगव्याचे कारण पुढे करून त्यांचे आंतरविद्यापीठ सामने बंद केले. त्याच वर्षी स्मिथ महाविद्यालयाच्या सेंडा बेरेन्सन यांनी स्त्रियांसाठी जे नियम छापून प्रसिद्ध केले, त्यांत मैदानाचे तीन भाग पाडून प्रत्येकीस आपापल्या हद्दीतच जखडले होते; चेंडू हिसकावणे वर्ज्य होते, तो तीन सेकंदांहून अधिक काळ हातात ठेवता येत नसे आणि तीनदाच टप्पा देण्याची मुभा होती. पाच जणींनी संपूर्ण मैदानावर धावण्याची पद्धत अमेरिकेतील महाविद्यालयीन स्त्रियांच्या वाट्यास आली ती 1971 च्या सुमारास.

स्टॅनफर्डच्या दप्तरातील पाऊण शतकाची पोकळी ही अशी आहे. 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदास बंदी घातल्यानंतर तेथे स्त्रियांचा संघ पुनश्च उभा राहिला. 1985 साली टारा व्हॅनडरव्हीर प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या. आणि 1990, 1992 व 2021 अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे त्या संघाने मिळवली, त्यांपैकी शेवटचे ॲरिझोनाविरुद्ध 54–53 अशा अवघ्या एका गुणाने. मुलींच्या अंगी कस नव्हता म्हणून ही पोकळी पडली, असे म्हणण्यास कसलाच आधार नाही. सामने नव्हते, एवढेच.

आमच्या तिरोड्यातील वाचकाने हा दूरदेशीचा वृत्तांत का वाचावा? येथील महाविद्यालये 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिरोड्यातील मुलीस विद्यापीठाचा पोशाख अंगावर चढवावयाचा असेल, तर आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग निवड चाचणी आणि त्यानंतर पश्चिम विभागीय स्पर्धा, असे टप्पे ओलांडावे लागतात. पहिल्याच फेरीत जो संघ हरला, त्याचे त्या स्पर्धेतील वर्ष एका दुपारी संपते. मज्जावाचा हुकूम येथे कोणी काढलेला नाही, हे खरे. पण वर्षास एक सामना खेळणारी मुलगी दुहेरी बचाव फोडणार कशी, आणि चौथा फाऊल पदरी असताना पाचवा टाळण्याचा संयम शिकणार कोठे? 2017 साली बंगळुरूस भारतीय महिलांनी कझाकस्तानला 75–73 असे नमवून आशिया चषकाच्या वरच्या गटात प्रवेश मिळवला. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. अटीतटीच्या सामन्यांत मुरल्यावाचून दोन गुणांचा असा फरक अखेरपर्यंत राखता येत नाही.

मैदान लागते 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, चेंडू सहा क्रमांकाचा. ज्या तालुक्यात 3,300 मेगावॉटचे वीजकेंद्र उभे आहे, तेथे अशा एका मैदानावर सायंकाळी दिवे असावेत, ही मागणी अवाजवी म्हणता यावयाची नाही. गोंदिया, तिरोडा, तुमसर रोड आणि भंडारा रोड ही स्थानके एकाच लोहमार्गावर आहेत. तेथील महाविद्यालयांच्या क्रीडाशिक्षकांनी पुढील सत्रारंभी एकत्र बसून मुलींच्या परस्परभेटीच्या सामन्यांचे वर्षभराचे वेळापत्रक आखावे आणि प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता जपून ठेवावा, अशी त्यांस विनंती आहे.