तलफ येते, तशी जातेही

"तंबाखू सोडायचं एखादं इंजेक्शन असेल तर देऊन टाका डॉक्टर," असं म्हणणारा पेशंट मला महिन्यातून दोन-तीनदा तरी भेटतो. माझा दवाखाना वसईच्या पूर्वेला, वालीवमध्ये. आजूबाजूला कारखान्यांचे गाळेच गाळे, त्यामुळे येणारे बहुतेक कामगार. कुणाला ताप, कुणाची पाठ धरलेली, कुणाला पत्र्याची धार लागलेली. पण तोंड उघडायला सांगितलं की वेगळीच गोष्ट दिसते.

महाराष्ट्रात २०१६-१७ साली तंबाखूची जी पाहणी झाली, तिच्यात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारही नव्हते; चघळणारे किंवा मिश्री लावणारे मात्र चोवीस होते. म्हणजे आपल्याकडची तलफ धुराची कमी, गालातली जास्त.

ही तलफ येते कुठून? तंबाखूतल्या निकोटिनमुळे. नुसती तंबाखू गालात धरली तर निकोटिन हळूहळू झिरपतं. चुना लावला की तोंडातला आम्लपणा कमी होतो आणि ते गालाच्या नाजूक अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. आपल्या आजोबांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण चुन्याची डबी ते कधी विसरले नाहीत! रक्तातलं हे निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मेंदूला त्याची सवय झालेली असते. पातळी उतरली की चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. चिमूट टाकली की बरं वाटतं. माणूस म्हणतो, तंबाखूने डोकं शांत होतं. ते बिघडवलं होतं तेही तिनंच, हे त्याच्या लक्षात येत नाही. रात्रभराच्या खंडानंतर सकाळची पहिली तलफ म्हणूनच कडक असते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला चिमूट लागते, त्याची सवय पक्की झाली आहे असं समजावं.

मात्र एक तलफ काही मिनिटांचीच असते. ती चढते, टोकाला जाते आणि तंबाखू न घेताही उतरते. हे मी सांगतो तेव्हा पेशंट मान डोलावतो, पण त्याला ते पटलेलं नसतं. कारण ती उतरेपर्यंत त्यानं कधी थांबून पाहिलेलं नसतं.

प्लॅस्टिक मोल्डिंगच्या मशीनवर बारा तास काम करणारा एक पेशंट मला आठवतो. गावाकडे असताना गुटखा, इकडे आल्यावर मळलेली तंबाखू. तक्रार एवढीच, की तिखट लागलं की तोंडाची आग होते. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जातात. याच्या तोंडात जेमतेम दोन. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर घट्ट, पांढरट झालेलं. पुढे यातूनच कर्करोग होण्याचा धोका असतो. मी त्याला शपथ घ्यायला लावली नाही. शपथेवर माझा फारसा विश्वासही नाही. जुन्या जॉबकार्डाच्या मागे प्रत्येक चिमटीची वेळ आणि कारण लिहायला सांगितलं. दोन दिवसांनी कार्ड घेऊन आला. दिवसाला चौदा चिमटी. त्यांतल्या चार-पाचच खऱ्या तलफेच्या. बाकीच्या कशाच्या? चहा झाला म्हणून, मशीन बंद पडलं म्हणून, आणि सर्वांत जास्त, कुणीतरी तळहात पुढे केला म्हणून. गाळ्यात चौघांची तंबाखू एकच जण मळतो. तो मळणारा हाच होता!

मग आधी चुन्याची डबी गेली. चहानंतर मंडळींत न बसता तो नळावर जाऊन चूळ भरून यायचा. सोबत निकोटिनचं च्युइंगगम दिलं. दोन मिलिग्रॅमचं गम दुकानात मिळतं, पण ते वापरायची पद्धत विचारून घ्यावी. पानासारखं चावत राहायचं नाही. थोडं चावून जीभ चुरचुरली की गालात ठेवून द्यायचं. आणि चहावर लगेच घ्यायचं नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. चुना जे काम करतो, त्याच्या उलट काम चहा करतो; निकोटिन रक्तात उतरतच नाही, आणि माणूस म्हणतो, औषध खोटं आहे.

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. मध्ये पोट साफ होत नाही, ही हमखास तक्रार. निकोटिन आतड्यांना चालना देतं, ते थांबलं की काही दिवस असं होतं. एवढ्यासाठी पुन्हा तंबाखूकडे वळणारे मी कितीतरी पाहिलेत. भरपूर पाणी, पालेभाज्या, लागलंच तर साधं औषध, एवढ्यावर ते भागतं. आमचा मोल्डिंगवाला होळीला गावी गेला आणि पुन्हा सुरू झाला. परत आल्यावर परत कार्ड लिहिलं. आता दीड वर्ष झालं, तंबाखू बंद आहे. तोंडात बोटं मात्र दोनच जातात. आखडलेला गाल पूर्ववत होत नाही, म्हणून त्याला मी तपासणीला बोलावत राहतो. गाळ्यातल्या मंडळींनी दुसरा मळणारा शोधला.

बायकांची मिश्री याहून अवघड, कारण तिला कुणी व्यसन म्हणतच नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं, आणि त्यांतल्या बहुतेकींची तंबाखू म्हणजे मिश्रीच होती. दात घासायला दुसरी पावडर आणून देणं हे घरच्यांच्या हातात आहे.

दारूबद्दल मात्र सावध करतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पुण्यात १९८६ साली सुरू झालेलं मुक्तांगण याच कामासाठी आहे.

गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. साध्या तंबाखूवर ती नाही. सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या पुडीवरच मोफत मदतीचा फोन नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. पेशंटच्या खिशातली पुडी काढून मी त्याला तो वाचून दाखवतो. रोज पुडी हाताळणाऱ्यानं तो वाचलेला असतोच असं नाही.